गेममधली गुलामगिरी आणि गावातली वेठ

उन्हाळ्याच्या सुटीत मूलमधल्या एका विहारात आम्ही मुलांसाठी अभ्यासवर्ग घेतला होता. दुपारच्या जेवणानंतर नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा लॅपटॉप उघडून बसला. भोवती सात-आठ पोरे जमली. गेम होता सिव्हिलायझेशन ४. जुना गेम आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. आम्ही डोकावलो तर पोरगा म्हणाला, "दादा, हे बघा. गुलामी चालू केली की बांधकाम एका झटक्यात होतं. पुढं लोक नाराज व्हायला लागले की बंद करायची."

विहाराच्या पायरीवर वस्तीतले एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारले, "मंग बंद कोनं केली?"

"मीच केली आजोबा. हे बटण दाबलं की बंद."

"तसं नाही. आपल्याकडं कोनं केली?"

पोरगा क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "बाबासाहेबांनी."

"ते तं खरं हाय बाबू. पन काम सोडलं कोनं?"

यावर कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही. आजोबांचा प्रश्न त्या पोराला होता, पण लागला आम्हाला. गेली दहा वर्षे जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भाषणांत आम्ही जे सांगत आलो, तेही थोडेफार बटणासारखेच नव्हते का? हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. गुलामगिरी आणि तिचा अंत हा विषय गेममध्ये कसा दाखवावा, यावर तो आहे. आणि आपण तो स्वतःला कसा सांगतो, यावरही आहे.

गेम काय शिकवतो?

काही मित्र म्हणतील, बेरोजगारी, शिष्यवृत्ती, वनहक्क हे प्रश्न पेटलेले असताना गेमवर काय लिहिता? मित्रांनो, आपल्या वस्तीतला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा इतिहासाचे पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो आणि मोबाईल रोज तासन्‌तास धरतो. राजा कसा वागतो, राज्य कसे वाढते, माणसे कशासाठी असतात, याची पहिली समज त्याला तिथे मिळते. क्लॅश ऑफ क्लॅन्समधला बिल्डर दिवसरात्र हातोडा मारतो. तो मजुरी मागत नाही, आजारी पडत नाही, त्याला घर आहे पण घरदार नाही. आपण हे गंमत म्हणून पाहतो. पण आपल्या आज्यापणज्यांकडे गाव ज्या नजरेने पाहत होते, ती नजर काही फार वेगळी नव्हती.

जगभरच्या स्ट्रॅटेजी गेमनी गुलामगिरीला ढोबळमानाने चार प्रकारे हाताळले आहे.

पहिला प्रकार गाळून टाकण्याचा. १९९४ चा सिड मायरचा कॉलनायझेशन हा गेम युरोपीय लोकांनी अमेरिकेत वसाहती कशा वसवल्या यावर आहे. त्यात ऊस आहे, तंबाखू आहे, कापूस आहे. करारबद्ध नोकर आणि युरोपातून पाठवलेले गुन्हेगारही आहेत. फक्त आफ्रिकेतून साखळदंडात आणलेली माणसे नाहीत. पीक आहे, पण ज्याच्या पाठीवर ते उभे राहिले तो गायब.

दुसरा प्रकार माल म्हणून दाखवण्याचा. युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ मध्ये व्यापारी मालांच्या यादीत मीठ, मसाले, कापड यांच्या रांगेत 'गुलाम' हाही एक माल आहे. त्याला भाव आहे, तोंड नाही.

तिसरा प्रकार आमच्या विहारात दिसला तो. २००५ च्या सिव्हिलायझेशन ४ मध्ये गुलामी हे एक धोरण आहे. ते स्वीकारले की शहराच्या लोकसंख्येतले काही आकडे खर्च करून बांधकाम लगेच पुरे करता येते. खर्च करून म्हणजे मारून. शहरात काही काळ नाराजी राहते, मग लोकसंख्या पुन्हा वाढते आणि हिशेब मिटतो. पुढे 'मुक्ती' हे धोरण येते. तेही राजाच निवडतो. यात एक गोष्ट मात्र बरी आहे. एका राज्याने मुक्ती स्वीकारली की ज्यांनी स्वीकारली नाही त्या राज्यांतली प्रजा नाराज होऊ लागते. स्वातंत्र्याची बातमी सीमा ओलांडते, एवढे तरी त्या गेमला कळले आहे.

चौथा प्रकार कायद्याचा. २०२२ मध्ये आलेला व्हिक्टोरिया ३ हा १८३६ ते १९३६ या शंभर वर्षांचा गेम आहे. त्यात गुलामगिरीबद्दल वेगवेगळे कायदे आहेत, कर्जापोटीची गुलामगिरीही वेगळी दाखवली आहे. जमीनदारांचा गट गुलामगिरी रद्द करायला विरोध करतो, प्रसंगी यादवी पेटते. गुलामगिरीमागे कोणाचा तरी स्वार्थ उभा असतो, हे या गेमने दाखवले, म्हणून तो इतरांच्या पुढे आहे. पण तिथेही कायदा संमत झाला की गुलाम म्हणून मोजलेली माणसे स्वतंत्र माणसांच्या रकान्यात जातात आणि खेळणारा पुढच्या कामाला लागतो.

चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. खेळणारा गादीवर बसलेला आहे. गादीवरून गुलाम आकड्यासारखा दिसतो आणि मुक्ती उपकारासारखी. हा दोष गेम बनवणाऱ्या एखाद्या माणसाचा नाही, तो त्या बैठकीचा आहे. आणि ती बैठक काही कॉम्प्युटरने आणलेली नाही.

पाठ्यपुस्तकाचीही बैठक तीच

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत बारा बलुतेदारांचा धडा वाचला आहे. सुतार नांगर करतो, कुंभार मडकी देतो, महार सीमेची राखण करतो, आणि सुगीला प्रत्येकाला धान्याचा वाटा मिळतो. गाव कसे स्वयंपूर्ण, कसे गुण्यागोविंदाने चाललेले. हा धडा नीट पाहिला तर तो स्ट्रॅटेजी गेमचाच नकाशा आहे. प्रत्येक घराला एक काम, प्रत्येक कामाला एक मोबदला, आणि नकार देण्याची सोय कुठेच नाही.

महार वतनाची खरी कहाणी काय होती? सरकारी टपाल आणि वसुलीची रक्कम वाहून नेणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई, हद्दीच्या वादात साक्ष, मेलेली जनावरे ओढणे, दवंडी. वेळेची मर्यादा नाही, दिवस की रात्र हा प्रश्न नाही, आणि घरातला कर्ता पुरुष आजारी असेल तर कुटुंबातल्या कोणीही जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. इंग्रजांनी हे मोडले नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने मुंबई इलाख्यात त्याला सरकारी चौकट दिली.

आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच, असे सांगणारे विद्वान अजून भेटतात. त्यांनी पेशवाईतली कागदपत्रे वाचावीत. कुणबिणी, बटकी या शब्दांनी ती भरलेली आहेत. सरकारी कोठ्यांत, पागेत, किल्ल्यांवर राबणाऱ्या बायका होत्या. त्यांची खरेदी-विक्री होत होती आणि व्यभिचाराच्या आरोपावरून बायकांना शिक्षा म्हणून गुलाम केले जात होते. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातल्या मराठी राज्यातल्या गुलामगिरीवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. त्याआधीच्या काळात पाहायचे तर मलिक अंबर आहे. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला हा माणूस १६२६ मध्ये मरण पावला. गेमवाल्यांना असा नायक आवडतो. पण एक गुलाम गादीपर्यंत पोहोचला म्हणून गुलामांचा बाजार बंद झाला नाही. आजच्या राखीव जागांवरून निवडून गेलेल्या काही पुढाऱ्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

आमच्या मूलकडे या. चांदा जिल्हा १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबर इंग्रजांकडे गेला आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजार गावांचे मालक ठरले. जंगलपट्टीत जमीनदाऱ्या होत्याच. हा धानाचा मुलूख आणि धानाला तलाव हवा. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले, त्यात कोहळी समाजाचे कसब होते, हे नोंदलेले आहे. आज आपण त्यांना 'मामा तलाव' म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले, तरी नावातून मालगुजार गेला नाही. पाळीची माती कोणी वाहिली, त्यातली किती मजुरी होती आणि किती वेठ, हे नावात नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले तर ती सांगतात: मालगुजाराच्या घरी लग्न असले की लाकडे आपल्या लोकांनी फोडायची, पाहुणा आला की ओझे आपल्या लोकांनी उचलायचे, गोंड-माडियांनी जंगलातून बांबू आणायचा. त्याला कोणी गुलामगिरी म्हणत नव्हते. 'रीत' म्हणत होते.

गेमने दाखवायला हवी ती ही रीत.

सुटकेचे बिल कोणी भरले?

आता आजोबांच्या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न. गुलामगिरी बंद झाली तेव्हा पैसे कोणी कोणाला दिले?

ब्रिटनने १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. दोन कोटी पौंड भरपाई ठरली. ती गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतले त्यांचे नुकसान भरून काढण्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली. सुटलेल्यांना काय मिळाले? 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मळ्यांवर आणखी काही वर्षांची सक्ती, जी १८३८ मध्ये संपली.

हैतीमध्ये गुलामांनी १७९१ पासून स्वतः लढून १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. १८२५ मध्ये फ्रान्सने त्यांच्या किनाऱ्यावर युद्धनौका आणून १५ कोटी फ्रँकची मागणी लादली. पुढे ती कमी करून ९ कोटी झाली, पण तो देश कर्जात रुतला तो रुतलाच. स्वतःला सोडवण्याचे बिल गुलामांच्या लेकरांनी भरले.

अमेरिकेत १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती झाली. लिंकनचे नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या युद्धात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले आणि हजारो गुलाम मळे सोडून पळाले, म्हणून मालकांची व्यवस्था आतून कोसळली, हे किती जणांना माहीत आहे? युद्धाच्या शेवटी काही मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम निघाला होता. त्याच वर्षी तो फिरवला गेला आणि जमीन जुन्या मालकांकडे परत गेली.

१८७३ हे वर्ष आपल्याला पाठ आहे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून समुद्रापलीकडच्या गुलामाशी आपले नाते ओळखणारा हा माणूस. त्याच १८७३ मध्ये प्वेर्तो रिको या बेटावर गुलामगिरी रद्द झाली. मालकांना भरपाई आणि सुटलेल्यांना आणखी तीन वर्षे कराराने काम करण्याची सक्ती, अशी ती मुक्ती होती. याच बेटाच्या नावाचा, २००२ मध्ये आलेला एक बोर्ड गेम जगभर गाजला. त्यात मळ्यांवर राबणारी माणसे म्हणजे तपकिरी चकत्या आणि त्यांचे नाव 'वसाहतकार'. टीका वाढली तेव्हा प्रकाशकांनी गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात बेतलेली नवी आवृत्ती काढली. काळ बदलून घेतला. चकत्यांच्या रंगाचा प्रश्न मात्र तसाच टाळला गेला.

आणि आपल्याकडे? कंपनी सरकारने १८४३ मध्ये पाचवा कायदा केला. त्याचा अर्थ एवढाच की कोर्ट गुलामावरचा मालकी हक्क मानणार नाही. जमीन नाही, मजुरी नाही, मदत नाही. दुसरीकडे १८३४ पासूनच मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची जहाजे जाऊ लागली होती. त्यांत मराठी माणसेही होती. तिथे गुलाम सुटले आणि त्यांच्या जागी गिरमिटिये आले.

महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. जमिनीचा पूर्ण आकार भरू, पण ही चाकरी नको, हा त्यातला गाभा. ते विधेयक तडीस गेले नाही. १९३९ ला हरेगाव, १९४१ ला सिन्नर, परिषदांमागून परिषदा झाल्या. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. बाबासाहेब तोवर आपल्यात नव्हते. आणि त्या कायद्याखाली वतनाची जमीन पुन्हा आपल्या नावावर करायला आकाराच्या पटीत रक्कम भरायची, तीही नव्या शर्तीवर. ब्रिटनमध्ये मालकाला भरपाई मिळाली. इथे राबणाऱ्याने आपल्याच जमिनीसाठी पैसे भरले. हा आकडा कोणत्या गेमच्या पडद्यावर दिसतो?

राज्यघटनेच्या कलम २३ ने १९५० मध्ये वेठबिगारीला मनाई केली. तरी वेठबिगार पद्धती नष्ट करणारा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये करावा लागला. तो आपल्या तरुणांनी वाचलाच पाहिजे. उचल घेतली म्हणून दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी, असे तो सांगतो. असे कर्ज तो रद्द करतो, आणि ते वेठबिगारीचे कर्ज नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकतो. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करायला लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरी मानली. आता सांगा, साल बांधून उचल घेतलेला सालगडी, वीटभट्टीवर सहा महिने गेलेले कुटुंब, मिरची तोडायला तेलंगणात गेलेली बाई, यांच्यासाठी बटण कोणत्या साली दाबले गेले?

गुलामगिरी आणि अस्पृश्यता

इथे एक सावधगिरी. उद्या कोणी भारताच्या इतिहासावर गेम करील आणि अस्पृश्यांना सरळ गुलामांच्या खात्यात टाकील. ते चूक ठरेल. बाबासाहेबांनी दोन्हींची तुलना केली आहे आणि फरक नेमका दाखवला आहे. गुलामाला बाजारात किंमत असते, म्हणून मालक निदान जनावराइतकी त्याची निगा राखतो. अस्पृश्याला किंमतच नाही, म्हणून तो मेला तरी कोणाचे काही जात नाही. गुलामाला आपण गुलाम आहोत हे उघड दिसते. अस्पृश्यतेत गुलामी धर्माच्या आड लपते आणि भोगणाऱ्याला ती आपले नशीब वाटते. गुलामाला मुक्त करता येते, पण अस्पृश्य जन्माने अस्पृश्य.

याचा अर्थ परस्परांशी नाते नाही असा नव्हे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. नाते मानायचे आणि फरकही सांगायचा, हीच फुले-आंबेडकरांची रीत आहे. गेममध्ये जातीचे चित्र आलेच तर त्यात माणसाची किंमत शून्य धरणारी, पण त्याच्याशिवाय एक दिवस न चालणारी व्यवस्था दिसली पाहिजे. 'जातीमुळे उत्पादनात वाढ' असा बोनस देणारा गेम मनुस्मृतीचाच कारकून ठरेल.

चांद्याचा १६ ऑक्टोबर

आता आजोबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. काम सोडले कोणी?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चांदा. दीक्षाभूमी म्हटले की बाहेरच्यांना नागपूर आठवते, पण आपल्या जिल्ह्यातल्या घराघरात चांद्याची आठवण आहे. त्या दिवशी चांदा मध्य प्रदेशात होता, सोळा दिवसांनी तो मुंबई राज्यात गेला. सरकार बदलत होते आणि लोक मात्र सरकारची वाट न पाहता स्वतः बदलत होते. आजोबांनी सांगितले ते असे. ते पाच-सहा वर्षांचे, बापाच्या खांद्यावर बसून चांद्याला गेलेले. घरी आल्यावर बापाने मेलेले ढोर ओढायला नकार दिला. गावाने आधी विनवले, मग दम दिला, मग विहिरीवरची वाट बंद केली, दुकानातला मीठ-मिरची उधारीचा खातेवही-व्यवहार बंद केला, निंदणीला बोलावणे बंद केले. आईने दोन महिने टोळ आणि मोहाची फुले वेचून भागवले. "बाबासाहेबांनी सांगतलं ना बापू, म्हणून बापानं सोडलं. पन उपास आमी काढले."

यात बाबासाहेबांचे श्रेय कमी होत नाही. उलट ते नीट कळते. महाडपासून ते हेच सांगत आले होते की तुमची सुटका दुसरा कोणी करणार नाही. आपण त्यांच्या हाती एक जादूचे बटण देऊन त्यांचाच विचार खोटा पाडतो. 'बाबासाहेबांनी एका सहीने आपल्याला माणूस केले' हे वाक्य आम्हीही स्टेजवरून म्हटले आहे, टाळ्या घेतल्या आहेत. त्या वाक्यात उपाशी राहिलेली आई कुठे बसते? गादीवरून इतिहास पाहण्याची सवय आपल्यालाही लागली आहे, एवढेच की गादीवर आपण आपला माणूस बसवला.

मग गेम कसा असावा?

बंदी हवी, असे काही मित्र म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. गुलामगिरी गाळलेला गेम मालकाच्याच सोयीचा असतो. पण दाखवण्यालाही मर्यादा आहे. डेन्मार्कच्या एका कंपनीने २०१३ मध्ये गुलामांच्या व्यापारावर मुलांसाठी शैक्षणिक गेम काढला. त्यात जहाजाच्या तळघरात काळी माणसे टेट्रिससारखी रचायची होती. २०१५ मध्ये संताप उसळला तेव्हा तो भाग काढावा लागला. त्याआधी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या शाळांसाठी 'फ्रीडम!' नावाचा गेम आला. त्यात मुलाने पळून जाणारा गुलाम व्हायचे होते. हेतू चांगला होता. पण पालकांच्या तक्रारींनंतर १९९३ मध्ये तो मागे घेतला गेला. गोऱ्यांच्या वर्गात बसलेल्या एकट्या काळ्या मुलाचे त्या तासाला काय होत असेल, ते आपल्याला सांगायला नको. वर्गात आपली जात उच्चारली गेली की कान कसे तापतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे नुसती बैठक बदलून भागत नाही. चांगल्या बाजूचे उदाहरणही आहे. २०१२ च्या 'फ्रीडम: द अंडरग्राउंड रेलरोड' या बोर्ड गेममध्ये सगळे खेळाडू मिळून गुलामांना उत्तरेकडे पोहोचवतात आणि चळवळीसाठी पैसा उभा करतात. सगळे जिंकतात किंवा सगळे हरतात.

आमच्या मते गेम करणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे:

१. फायदा कोणाच्या घरात गेला हे पडद्यावर सतत दिसावे. किल्ला बांधून झाला की खात्यातून माणसे पुसली जाऊ नयेत. मेलेल्यांची मोजणी शेवटपर्यंत राहावी.

२. राबणाऱ्यांची इच्छा खेळाडूच्या ताब्यात नसावी. ते काम मंद करतील, अवजार मोडतील, रात्री जंगलात निघून जातील, सभा घेतील, धर्म बदलतील. राजाला हे दिसेल, पण थांबवण्याचे बटण नसेल.

३. मुक्तीचा कायदा हा गेमचा शेवट नसून मधला टप्पा असावा. भरपाई कोणाला, जमीन कोणाला, कर्जाचे काय, या प्रत्येक निर्णयाचे फळ पुढच्या पन्नास वर्षांत दिसावे. जमीन दिली नाही तर वेठ नव्या नावाने परत यावी.

४. नकाराची किंमत दाखवावी. काम सोडणाऱ्यांवर बहिष्कार येतो, आणि तो सोसायला संघटना, शाळा, वर्तमानपत्र, शेजारच्या गावाची मदत लागते.

५. यातना हा विनोद किंवा कोडे होऊ नये. आणि ज्यांचा हा इतिहास आहे त्यांचे लोक गेम बनवणाऱ्यांत असावेत, पाहुणे सल्लागार म्हणून नव्हे तर नियम ठरवणारे म्हणून.

कागदावरचा एक प्रयत्न

बोलून मोकळे होण्यापेक्षा अभ्यासवर्गाच्या शेवटच्या दोन दिवसांत आम्ही पोरांसोबत एक कागदी गेम केला. कार्डशीटवर एक गाव, मधोमध तलाव, एक मालगुजार, एक कोतवाल, सालगडी, विणकर, एक गोंड कुटुंब. चिंचोके म्हणजे धान. नियम साधे. प्रत्येक फेरीत मालगुजार काम सांगणार. करायचे की नाही हे प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचे. एकट्याने नकार दिला तर त्याची विहीर आणि दुकान दोन फेऱ्या बंद. तिघांनी मिळून दिला तर तलावाची पाळ फुटते आणि मालगुजाराला बोलणी करावी लागतात.

सुरुवातीला मालगुजार व्हायला कोणी तयार नव्हते. आपल्याच एका पोराला बळेच बसवले. दहा मिनिटांत तो रंगला, चिंचोके मोजू लागला, सालगड्याला 'ए' करून हाक मारू लागला. बाकीचे हसले, मग गप्प झाले. तिसऱ्या डावात एका मुलीने एकटीने नकार दिला आणि ती हरली. पाचव्या डावात गोंड कुटुंब खेळणाऱ्या मुलाने आपल्या वाट्यातले चिंचोके तिच्याकडे सरकवले. नियमात तसे काही नव्हते. पोरांनी वाद घातला, हे चालते की नाही. शेवटी आजोबांना विचारले. ते म्हणाले, "असंच चाललं होतं." मग तो नियम लिहून घेतला.

गेम अजून कच्चा आहे. कंटाळवाणाही होतो मधेमधे. पण आपली जी मुले कोडिंग शिकत आहेत त्यांना आमचे सांगणे आहे: नोकरीसाठी शिका, जरूर शिका, आणि वर्षातले काही दिवस यासाठीही काढा. प्रत्येक तालुक्यात १९५६ नंतर काम सोडलेल्यांच्या घरची माणसे अजून आहेत. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले ती आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे बसा, गावाने काय काय बंद केले आणि कोणी गुपचूप भाकरी आणून दिली हे लिहून घ्या, तारखेसह, गावाच्या नावासह. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. गेम बनो की न बनो, ही नोंद झाली पाहिजे. आम्ही मूल तालुक्यात सुरुवात केली आहे. सिंदेवाही, सावली, चामोर्शीच्या मित्रांनी आपापल्या गावात करावी.

जयभीम!